पडद्याची उलटी बाजू

पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना आम्हा मुलींना एकदा मूकपट बघायला नेलं होतं. आमच्या मुख्य बाई शेवटच्या रांगेत छत्री आडवी धरून बसल्या होत्या. त्या छत्रीच्या धाकानं संपूर्ण खेळभर कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, सिनेमा असाच बघतात. पुढे लग्न झालं, मी रेवदंड्याला आले, आणि तितका शांत खेळ मला परत कधी बघायला मिळाला नाही.

आमचे यजमान मिठाच्या खात्यात कारकून होते आणि मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. बोलपट यायला अजून पाच-सहा वर्षं होती. चौलला दत्ताच्या जत्रेबरोबर सिनेमाचा तंबू यायचा. जत्रा उठली तरी तंबू उठत नसे. भातं झोडून झालेली असत, शेतं रिकामी पडलेली असत, लोकांना संध्याकाळी काही काम नसे. मग रेवदंड्याच्या वाटेवरच्या एका शेतात तंबू ठोकला जाई आणि शिमग्यापर्यंत तिथं खेळ चालत. मालक एक किडकिडीत गुजराती गृहस्थ होता. तो सगळ्या बायकांना 'बेन' म्हणे आणि सगळ्या तक्रारींना 'थई जशे', म्हणजे होऊन जाईल, असं म्हणे.

पहिल्यांदा आम्ही दोघं गेलो तेव्हा मला फार हौस होती. मी इस्त्रीचं लुगडं नेसले होते. दाराशी मालकानं यजमानांना सरळ आत सोडलं आणि मला म्हणाला, बेन, तुम्ही मागून. मागून म्हणजे तंबूला वळसा घालून. तिकडे वेगळं दार होतं. आत जाऊन बघते तो समोर पडद्याची पाठ. पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बायका पडद्याच्या मागे. खेळ सुरू होण्याआधी दोन गडी पिचकाऱ्यांनी पडदा भिजवत, म्हणजे कापडातून उजेड आरपार येई आणि मागच्या बाजूलाही चित्र दिसे. भिजलेल्या पडद्याचं पाणी पहिल्या रांगेतल्या बायकांच्या अंगावर ठिबकत राही.

चित्र दिसे, पण उलटं. आरशात दिसावं तसं. उजवं ते डावं आणि डावं ते उजवं. मूकपटात मधूनमधून पात्रांचं बोलणं लिहिलेल्या पाट्या येत. वर इंग्रजी, खाली गुजराती, अगदी तळाला मराठी. आम्हाला त्याही उलट्याच दिसत. मी शिकलेली बाई, शाळेत मुलींना वाचायला शिकवणारी, आणि मला तिथं एक ओळ वाचता येईना.

बाकीच्या बायकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं, कारण त्या खेळ बघायला आल्याच नव्हत्या असं मला वाटलं. एकीनं तंबूच्या खांबाला झोळी बांधून तान्हं मूल निजवलं होतं आणि शेजारणी पाळीपाळीनं तिला झोका देत होत्या. झोक्याबरोबर खांब हले, खांबाबरोबर पडदा. वाडीवरच्या दोघीजणी कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीचं बोलत होत्या, ते पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत पुरलं. पडद्यावर देव प्रकट झाले तेव्हा एका म्हातारीनं पदराखालून नारळ काढला आणि तिथंच दगडावर फोडला. निम्मं पाणी माझ्या इस्त्रीच्या लुगड्यावर.

पण सगळ्यात मोठा गोंधळ नायिका जेवायला बसली तेव्हा झाला. ती डाव्या हातानं जेवत होती. नवऱ्याला वाढतही होती डाव्या हातानं. बायकांत एकदम हलकल्लोळ उडाला. ही कसली बाई, हिला आईनं काही वळण लावलं की नाही, अशी बोलणी सुरू झाली. मी समजावून सांगितलं की आपण उलटीकडून बघतोय, पलीकडून तो हात उजवाच दिसतो. कुणालाच ते पटलं नाही. माझ्या शेजारी एक कोळीण बसली होती. आमच्याकडे मासळी घालणारी तीच. अंगानं दणकट, आणि खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय असलेला आवाज. ती मला म्हणाली की नाटकातली आणि सिनेमातली माणसं डावरीच असतात, म्हणून तर ती घरदार सोडून असल्या कामात येतात. हे मात्र सगळ्यांना पटलं.

पाट्या वाचून दाखवण्याचं काम पलीकडच्या बाजूला एका पेन्शनरांनी आपण होऊन घेतलं होतं. ते मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होते. लोकांचे अर्ज साहेबापुढे मोठ्यानं वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत, जरी सरकारनं त्यांना तशी पदवी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पाटी आली की ते घसा खाकरत आणि खड्या आवाजात वाचत. पाटी गेली तरी त्यांचं वाचणं संपत नसे, कारण मागून ते आपला शेरा जोडत. आईबापांचं ऐकलं नाही की असं होतं, हा त्यांचा आवडता शेरा. तोवर पडद्यावर पुढचं काहीतरी घडून गेलेलं असे, आणि ते काय घडलं हे पुरुष एकमेकांना विचारत असत.

मी घरी आले ती डोकं धरूनच. परत जाणार नाही असं यजमानांना सांगितलं. पण पडद्यावरची ती हलणारी माणसं डोळ्यांपुढून जाईनात. दुसऱ्या दिवशी मी वेणीफणीचा आरसा घेतला, त्याच्यासमोर मुलींचं वाचनाचं पुस्तक धरलं आणि उलटी अक्षरं वाचायला बसले. पहिले काही दिवस नुसता वैताग. मग हळूहळू डोळ्यांना सवय झाली. यजमानांनी मला असं बसलेलं पाहिलं, पण त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या बाबतीत न विचारण्याकडे त्यांचा कल असे.

नवा खेळ लागला तेव्हा मी गेले, आणि पहिलीच पाटी मला वाचता आली. मला इतका आनंद झाला की झोळी, नारळ, सोयरीक सगळं विसरायला मी तयार होते. तो आनंद दोन-तीन पाट्यांपुरता टिकला. कारण माझ्या लक्षात आलं की रावसाहेब पाटीवर असतं ते वाचतच नव्हते.

खेळ एका सुनेचा होता. सासरी तिचा फार छळ होतो आणि शेवटी ती घर सोडून निघते. उंबरठ्यावर उभी राहून ती सासूला काहीतरी बोलते आणि मग पाटी येते. पाटीवर लिहिलं होतं, 'जिथे माझ्या शब्दाला किंमत नाही, त्या घरात मी राहणार नाही.' रावसाहेबांनी खाकरून वाचलं की सुनेनं डोक्यात राख घालून घेतली, सासूचे चार शब्द तिला सहन झाले नाहीत.

शेजारची कोळीण विचारात पडली. मला म्हणाली, "बाय, रागावली तं ती रडत का न्हाय? अशी ताठ उभी का हाय?"

मी तिच्या कानाशी लागून सांगितलं की रावसाहेबांनी चुकीचं वाचलं, आणि पाटीवर काय होतं तेही सांगितलं. ते मी अगदी हळू सांगितलं होतं. तिनं ते तिच्या खाडीपलीकडच्या आवाजात सगळ्या बायकांना सांगितलं. मग काय विचारता. निम्म्या बायका म्हणाल्या, बरं केलं. निम्म्या म्हणाल्या, पण जाणार कुठं. वाडीवरच्या दोघीजणींनी सोयरीक सोडून यात भाग घेतला. झोळीतलं मूल उठलं. पडद्याशेजारी बसून पेटी वाजवणाऱ्याला स्वतःची पेटी ऐकू येईना, तेव्हा त्यानं भाता मिटला.

पलीकडून रावसाहेबांचा आवाज आला, की बायकांना खेळ कळत नसेल तर त्यांनी निदान गप्प बसावं, वाचायला मी बसलो आहे.

मला आजवर नीट सांगता आलेलं नाही की मी का बोलले. शाळेत एखादी मुलगी पुस्तकात नसलेलं वाचायला लागली की मी जशी बोलत असे, तशीच बोलले.

"लिहिलंय तेवढंच वाचावं, रावसाहेब."

पडद्याच्या दोन्ही बाजू गप्प झाल्या. त्या तंबूत मी अनुभवलेली पहिली शांतता ती. मग पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, रावसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांची पगडी प्रकाशात आली. पडद्यावर सुनेच्या जागी आम्हाला एक भली मोठी पगडी दिसू लागली. मालक गॅसबत्ती घेऊन 'थई जशे, थई जशे' करत धावला. खेळ थांबला. उरलेलं रीळ त्या दिवशी लागलंच नाही, आणि सून घराबाहेर पडून पुढे कुठं गेली हे मला अजून माहीत नाही.

रावसाहेब आमच्या शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी मला काही म्हटलं नाही. ते यजमानांच्या कचेरीत गेले आणि तिथल्या ओसरीवर बसून, चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं, मास्तरीणबाईंना तंबूत ओरडणं शोभतं का असं त्यांनी विचारलं. यजमान दुपारी घरी आले ते जेवायलाही बसेनात. ते फार गरीब स्वभावाचे. रागावले तरी तक्रार केल्यासारखे बोलत. मी मिठाच्या खात्यातला माणूस, ते म्हणाले, मला वरच्यांच्या नजरेत येऊन चालत नाही. मी म्हटलं, नाही जाणार. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखंच वाटलं. घरी कंदिलापाशी बसून मुलींच्या वह्या तपासण्यात कितीतरी जास्त शांतता होती.

ती शांतता कोळणीला मंजूर नव्हती. ती मागच्या दारी टोपली उतरवून विचारू लागली, का येत नाही. मी कारण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि टोपलीतली सुरमई झाकून ठेवून मला मूठभर मांदेली दिली. दुसऱ्या दिवशीही मांदेली. तिसऱ्या वेळी मी सुरमई मागितली तर म्हणाली, सुरमई संपली. ती टोपलीत दिसत होती. मी बोट दाखवलं तर म्हणाली, ती दुसऱ्याची हाय. यजमानांचा मासळीवर जीव. मांदेली खाऊन खाऊन ते आठवड्याभरात अगदी कावून गेले, पण याचं मूळ कशात आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

तंबूत काय चाललंय तेही तिच्याकडूनच कळे. मी जायची बंद झाल्यापासून बायका रावसाहेबांवर विश्वास ठेवीनाशा झाल्या होत्या. प्रत्येक पाटी त्यांनी वाचली की पडद्यामागून सगळ्याजणी एका सुरात विचारत, 'खरंच तसं लिवलंय?' आणि त्यांनी हो म्हटलं की पुन्हा वाचायला लावत. हे सांगताना ती इतकी खूश होती की मला तिचा रागच आला. मी नसताना माझ्याच नावानं हा धिंगाणा चालला होता.

एका सकाळी रावसाहेब स्वतः आमच्या ओटीवर आले. गळ्याला मफलर होता. आवाज पार बसला होता. मी त्यांना सुंठीचं पाणी करून दिलं. बराच वेळ ते भाताच्या उताऱ्याबद्दल यजमानांशी बोलले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही त्या बाजूला वाचत जा. माझं वाचून झाल्यावर. हळू."

मी म्हटलं, "उलटं वाचून माझे डोळे दुखतात. अक्षरं सुलटी दिसतील तिथं बायकांना बसवा, मग वाचेन."

रावसाहेबांचा पेला तोंडाशीच थांबला. बायका पुढे आणायच्या म्हणजे काय, असं त्यांना विचारायचं असावं, पण घसा साथ देईना. तेव्हा आमचे यजमान, जे जन्मात कुणापुढे माझ्या बाजूनं बोलले नव्हते, ते खाली बघत म्हणाले, "तंबूत जागा पुष्कळ आहे, रावसाहेब." ते माझ्यासाठी बोलले की सुरमईचा त्यांना एव्हाना सुगावा लागला होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. न विचारण्याची सवय मलाही लागली होती.

मालकानं मधोमध दोरी बांधून तिच्यावर जुनी लुगडी टाकली. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, सगळे पडद्याच्या पुढे. बायकांनी पहिल्यांदाच नायिकेला उजव्या हातानं जेवताना पाहिलं, आणि तिला आता वळण लागलं असा निष्कर्ष काढला. बड्या घरचे दोन-चार लोक काही दिवस आले नाहीत, मग आले.

मला वाटलं होतं, आता सगळं सुरळीत होईल. कसचं काय. पूर्वी मध्ये निदान पडदा होता, आता नुसती लुगडी होती. पुरुष काही बोलले की बायका लुगड्यावरून उत्तर देत. बायका हळहळल्या की पुरुष हसत. रावसाहेबांचा घसा बरा झाला आणि आम्ही दोघं एकाच वेळी वाचू लागलो, त्यामुळे कुणालाच काही कळेना. ते माझे उच्चार दुरुस्त करत, मी त्यांच्या गाळलेल्या ओळी वाचत असे. होता होता, कुणी न ठरवताच, एक पद्धत पडली. पुरुषपात्राची पाटी आली की ते वाचत, बाईची आली की मी. देवांवरून मात्र शेवटपर्यंत वाद राहिला. देव पुरुष असला तरी देवी त्याला जे सांगते ते कुणी वाचायचं, असले प्रश्न निघत.

अशी चार-पाच वर्षं गेली. दर हिवाळ्यात तंबू येई, दर हिवाळ्यात मी कुरकुरत जाई. राण्या, जोगिणी, सावत्र आया, सगळ्या मी वाचल्या. रडायच्या ठिकाणी नुसतं वाचून बायकांचं समाधान होत नसे, म्हणून आवाज थोडा ओला करायलाही शिकले. पण एक गोष्ट मला कायम सलत राहिली. जी वाचते तिला खेळ बघायला मिळत नाही. माझी नजर सदा पाटी कधी येते इकडे. बायका घरी जाताना एखाद्या नटीच्या डोळ्यांबद्दल बोलत, ती कशी बघते, कशी मान वळवते, आणि मला ती नटी धड आठवतही नसे. तिचं बोलणं तेवढं पाठ असे.

म्हणून अलिबागला बोलपट लागल्याचं ऐकलं तेव्हा माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसेल. पात्रं आपलं आपण बोलणार. मला नुसतं बसायचं. यजमान, मी आणि कोळीण असे सर्व्हिस मोटारीनं गेलो. रावसाहेब आमच्या आधीच जाऊन आले होते. अर्ध्यातून उठले म्हणे. त्यांचं म्हणणं पडलं की पात्रं फार बोलतात.

पत्र्याचं थिएटर, बाकं, आत विड्यांचा धूर. खेळ सुरू झाला आणि पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडल्याबरोबर लोकांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. तो काय बोलला ते टाळ्यांत गेलं. टाळ्या थांबल्या तर तो परत बोलला, परत टाळ्या. गाणं लागलं तर लोक बरोबर गाऊ लागले, चाल माहीत नसताना. माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ आपल्या बहिऱ्या आईला प्रत्येक वाक्य ओरडून सांगत होते, आणि ती प्रत्येक वाक्याला 'कोण म्हणतं?' असं विचारत होती. यंत्राचा आवाजही मधूनच घोगरा होई, मधूनच चिरके. मी कान टवकारून बसले होते. इतक्या वर्षांनी मला हवं ते मिळालं होतं आणि हे लोक ते मला घेऊ देत नव्हते.

नायिका पहिल्यांदा बोलली तेव्हा योगायोगानं जरा शांतता होती. बारीक, किनरा आवाज होता तिचा. दोनच वाक्यं बोलली. कोळणीनं माझा दंड धरला.

"ही तिच्यावानी बोलत न्हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, कुणासारखी. ती म्हणाली, राणी बोलते तशी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बोलायचीस तशी."

तिच्या कानात इतकी वर्षं सगळ्या राण्या, जोगिणी आणि सुना माझ्या आवाजात बोलत आल्या होत्या, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण पडद्यावर नायिका पुढचं वाक्य बोलत होती, आणि पुढचे गृहस्थ तेच आईला ओरडून सांगत होते. मी कोळणीला म्हटलं की गप्प बस, मला ऐकू दे.

ती गप्प बसली. जरा वेळानं बघते तर तिला झोप लागली होती आणि ती घोरत होती. मी तिला उठवलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, बाईंना घरी न्या. मी वळून त्या माणसाकडे असं काही बघितलं की तो परत बोलला नाही.